ओटावातल्या त्या शेजाऱ्यांचे मनापासून आभार

जानेवारीत कॅनडातल्या ओटावाला माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिकडे रात्रीचे दहा आणि इथे इंदुरात सकाळचे साडेआठ वाजले होते. रामबागेतल्या घरी आम्ही दोघं फोन धरून बसलो होतो. तिची गाडी घराच्याच गॅरेजमध्ये आणि दारापुढे गुडघाभर बर्फ. त्यात रस्ता साफ करणाऱ्या गाडीने लोटलेल्या बर्फाचा बांधच फाटकाशी झालेला. हा बर्फ दबून घट्ट होतो, फावड्याला दाद देत नाही. जावई एकटेच खणत होते.

कुणी हाक मारली नव्हती, तरी समोरचे काका आपलं स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ कापून दूर उडवणारं यंत्र, घेऊन आले. बर्फ बाहेर फेकणारं त्याचं नळकांडं त्यांनी वारा जाईल त्या दिशेला वळवलं आणि आधी तो बांध थोडा थोडा कापत काढला. मध्येच ओला बर्फ नळकांड्यात अडकला. घाई होतीच, पण त्यांनी इंजिन बंद केलं, पाती थांबू दिली आणि काठीनेच तो मोकळा केला. जावयांनाही हात घालू दिला नाही. इंजिन बंद असतानाही पाती झटका देऊन बोटं तोडू शकतात, म्हणे.

काकूंनी पाय घसरू नये म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकलं, लेकीचा दंड धरला आणि तिला एकेक पायरी उतरवलं. मी फोनवर पाहत होते. जे मी करायचं, ते त्या माउलीनं केलं.

नातू आणि लेक सुखरूप आहेत. दोघं घरी आली त्या दिवशीही वाट आधीच साफ केलेली होती! काका, काकू, लेक हे तुम्हाला वाचून दाखवील. इंदूरला या, आमच्याकडेच उतरा.