मूतखड्याचा आकारही पाहा

आपल्या आरोग्य पुरवणीतील मूतखड्यावरील लेखात ध्वनिलहरींनी खडा फोडण्याचा ‘बिनटाक्याचा’ उपचार कोणत्याही खड्याला पुरेसा असल्याचे सुचवले आहे, ते पटले नाही. खडा 2 सेंटिमीटरहून मोठा असल्यास लहरींनी फुटलेले तुकडे मूत्रवाहिनीत अडकण्याची व उपचार पुन्हा करावे लागण्याची शक्यता वाढते. म्हणूनच अशा वेळी पाठीत लहानसे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची शस्त्रक्रिया सहसा प्रथम सुचवली जाते. तीत रक्तस्रावाचा धोका अधिक, हे खरे. मूत्रमार्गातून लवचिक दुर्बीण नेऊन लेसरने खडा फोडता येतो, पण मोठा खडा एकाच वेळी निघेलच असे नाही. सोलापूरच्या 40 अंशांपुढील उन्हाळ्यात घामामुळे लघवी दाट होऊन हा त्रास बळावतो. अशा वाचकांना ‘बिनटाक्याचा’ हा शब्द (गोड वाटला तरी) देताना खड्याच्या आकाराचाही उल्लेख हवा होता.

– एक वाचक, सोलापूर