जिथे टॅक्स्या उभ्या असतात, तिथे जेवायचं

ह्यूस्टन,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी बाबांचा फोन आला तेव्हा मी रस्त्यात होते. "जेवलीस का? काय जेवलीस?" एवढं विचारेपर्यंत माझी ट्राम आली आणि बोलणं राहून गेलं. काल रात्री घरी पोचले. न्यू ऑर्लिन्सहून गाडीने सहा तास लागतात. आज सकाळी कपडे मशीनला लावले आणि हे पत्र लिहायला बसले. त्या शहरात आठवडाभर मी दुपारचं काय जेवले, कुठे जेवले, ते तुम्हा दोघांना नीट सांगायचंय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे आईला त्रास होणार नाही.

गेले होते ऑफिसच्या परिषदेला. तिथे दुपारी प्रत्येकाला खोक्यातलं थंडगार सँडविच द्यायचे. सोमवारी ते शेजारच्या मुलीला देऊन मी बाहेर पडले. हॉटेलच्या आसपासची सगळी ठिकाणं पाहुण्यांसाठी मांडलेली होती. दारात मोठा फळा, फळ्यावर पदार्थांचे फोटो, बाहेर उभा राहून हाका मारणारा माणूस. मला बाबांचं म्हणणं आठवलं. बाबा, तुम्ही टॅक्सी चालवायला लागलात तेव्हापासून आम्हाला सांगत आलात की दुपारी एक वाजता ज्या हॉटेलासमोर टॅक्स्या उभ्या असतील तिथे डोळे मिटून जेवावं. ड्रायव्हरला रोज बाहेर जेवायचं असतं. तो एकदा फसला की परत जात नाही आणि स्टँडवरच्या चौघांना सांगतो.

तिथे काळी-पिवळी कुठली असायला! पण टपावर शिड्या बांधलेल्या वायरमनच्या गाड्या दिसल्या, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतल्या बायका दिसल्या, टपाल खात्याचा एक माणूस दिसला. ही सगळी मंडळी एका कोपऱ्यावरच्या लहानशा दुकानात शिरत होती. मीही शिरले.

सगळ्यांच्या पुढ्यात एकच पदार्थ होता, राजमा-भात. तिथे सोमवारी घरोघरी आणि दुकानोदुकानी हेच असतं. त्याचं कारण ऐकून मला आईची फार आठवण आली. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. बायका दिवसभर कपडे चोळणार, तर चुलीपाशी उभं कोण राहणार? म्हणून रविवारच्या डुकराच्या मांसातलं उरलेलं हाड आणि भिजवलेला राजमा पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवून द्यायचा. कपडे वाळत पडेपर्यंत तो आपोआप शिजतो. आता घरोघरी मशीन आली, तरी सोमवारचा राजमा तसाच आहे. आपल्या राजम्यासारखा त्यात मसाला नसतो. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तिघांवर तिथलं बहुतेक जेवण उभं आहे. थोडा राजमा पळीने घोटून रस दाट करतात, तू मसूर घोटतेस तसा. लुई आर्मस्ट्राँग हा जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक याच शहरातला. तो पत्राच्या शेवटी सहीच्या वर 'तुमचाच, राजमा-भातपूर्वक' अशा अर्थाचं काहीतरी लिहायचा. इतकं त्याचं या जेवणावर प्रेम.

आई, तुझा सोमवार असतो आणि या राजम्यात मांस असतंच, त्यामुळे तुला तो चालणार नाही. तुझ्या सोमवारची सोय मी वेगळी शोधलीय, पुढे सांगते.

बुधवारी पार्कवेला गेले. हे पाव भाजणाऱ्याचं जुनं दुकान १९११ सालचं. कॅनाल स्ट्रीटवरून लाल ट्राम पकडायची, तिकीट सव्वा डॉलर. उतरून पंधरा मिनिटं चाललं की बायू सेंट जॉन नावाचा संथ पाण्याचा ओढा लागतो, त्याच्या जवळच दुकान आहे. बाहेरपर्यंत रांग होती. रांगेत सुतार होते, वकील होते, शाळेच्या गणवेशातली मुलगी घेऊन आलेली एक आजी होती. आपण आपलं नाव आणि काय हवं ते सांगायचं, तयार झालं की नावाने हाक येते. मी तळलेल्या कोळंबीचा 'पो-बॉय', म्हणजे लांब पावातलं सँडविच, मागितला. "ड्रेस्ड?" बाईंनी विचारलं. म्हणजे आत सॅलडची पानं, टोमॅटो, लोणच्यातली काकडी आणि मेयोनीज घालू का. मी हो म्हटलं.

हा पाव तुम्हाला कसा सांगू! हातभर लांब. बाहेरचा पापुद्रा इतका कडक की दाबला की चुरा उडतो आणि आतून कापसासारखा हलका. कोळंबी मक्याच्या पिठात घोळवून तळलेली, पावातून दोन्हीकडून ओघळणारी. कागदात गुंडाळून देतात. कागद उलगडून बाहेरच्या बाकावर बसले आणि शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाल्लं.

पण मला सांगायचंय ते या पावाच्या नावाबद्दल. बाबा, हे तुम्ही सावकाश वाचा.

बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन असे दोघे भाऊ होते. आधी दोघेही ट्रामवर कंडक्टर. पुढे १९२२ साली त्यांनी तिथल्या फ्रेंच मार्केटमध्ये कॉफीचं आणि खाण्याचं दुकान टाकलं. १९२९च्या जुलैत शहरातल्या ट्राम कामगारांनी संप केला. कंपनीने बाहेरून माणसं आणून ट्राम चालवायला घेतल्या, तर शहरातल्या लोकांनी ट्राममध्ये चढणंच सोडलं. या भावांनी आपल्या जुन्या सोबत्यांच्या युनियनला, 'डिव्हिजन १९४'ला, पत्र लिहून कळवलं की तुमच्या सभासदांना आमच्याकडे जेवण फुकट. संपकरी येताना दिसला की आत आवाज जायचा, 'आणखी एक पुअर बॉय आला.' पुअर बॉयचा उच्चार तिथल्या बोलीत झाला पो-बॉय. आधीचा पाव दोन्ही टोकांना निमुळता असायचा, टोकं वाया जायची. म्हणून जॉन जेंडूसा या पाववाल्याने त्यांना चाळीस इंच लांब, टोकापर्यंत सारख्या जाडीचा पाव करून दिला. एका पावात जास्त माणसं जेवावीत म्हणून. त्या काळी त्यातला सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे आत तळलेला बटाटा आणि वर मांसाचा रस्सा. आजही काही ठिकाणी मिळतो. पावात बटाटा! दादरला स्टेशनबाहेर उभं राहून मी काय खात मोठी झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ही गोष्ट कळली तेव्हा घास हातातच राहिला. मला आजीची खाणावळ दिसली. मी जन्मायच्या आधीची, तुमच्या तोंडून ऐकलेली. जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर, भोंगे बंद. गावाला जाता आलं ते कोकणात, घाटावर गेले. उरलेले आजीच्या दहा बाय बाराच्या खोलीत जेवायला येत राहिले. आई, तू तेव्हा वीस वर्षांची. तूच सांगितलंस की आजी कुणाला नाही म्हणत नव्हती. कालवणात पाणी वाढत गेलं, भाकरी दोनाची दीड झाली, पण पंगत मोडली नाही. सगळं वहीत मांडून ठेवायची आणि त्या वहीत बाबांचंही नाव होतं. संप कधी मिटलाच नाही, त्यामुळे वहीही कधी मिटली नाही. त्या दोन भावांचं नाव शहरात आजही निघतं, त्यांच्या पावाचा अभिमान मिरवला जातो. आजीसारख्या गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी तेच केलं. मला त्या बाकावर बसून आजीचा फार अभिमान वाटला, आणि हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही याचं वाईटही वाटलं.

बरं, गुरुवार. बाबांचा फोन आला तो दिवस. मी ट्रेमे नावाच्या वस्तीतल्या डूकी चेसमध्ये जाऊन आले होते. काळ्या लोकांची ही फार जुनी वस्ती आणि हे हॉटेल १९४१ सालचं. लीआ चेस या बाईंनी ते नावारूपाला आणलं. २०१९ साली शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर बसून जेवणं कायद्याने गुन्हा होता, त्या काळात हक्कांसाठी लढणारी दोन्हीकडची माणसं यांच्या माडीवर बसून जेवायची आणि पुढच्या बेतांवर बोलायची. मार्टिन ल्यूथर किंग इथे जेवलेत. भिंतींवर काळ्या चित्रकारांची चित्रं आहेत, एकेका चित्रापाशी थांबावंसं वाटतं. ओबामा जेवायला आले आणि त्यांनी गंबोत वरून तिखट सॉस ओतला, तेव्हा बाई त्यांना रागावल्या. आई, न चाखता मीठ मागितलं की तूही अशीच रागवायचीस.

गंबो म्हणजे भातावर घालून खायचं दाट कालवण. त्यात खेकडा, कोळंबी, कोंबडी, सॉसेज असं बरंच काही एकत्र असतं. मैदा तेलात परतत परतत तपकिरी करतात, हात थांबला की करपलं. बरेच जण दाटपणासाठी भेंडी घालतात आणि नावही भेंडीचंच आहे. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या भाषांमध्ये भेंडीला 'की न्गोंबो' म्हणत. काही जण भेंडीऐवजी सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड घालतात. ती तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची देणगी. तू भेंडीची तार जावी म्हणून आमसूल घालतेस, इथे ती तारच हवी असते. तुला हे पटेल की नाही कुणास ठाऊक, पण चव बघशील तेव्हा बोलू.

हे हॉटेल २००५च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळात बुडालं. बंधारे फुटले आणि शहराचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. पार्कवेही बुडालं होतं. डूकी चेस उघडायला दोन वर्षं लागली. बाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, तरी पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. त्याच वर्षी आपला २६ जुलै झाला होता, एक महिना आधी. बाबा त्या रात्री टॅक्सी कुर्ल्याला सोडून गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आले होते. माझ्या टेबलाशेजारच्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी आपलं जेवण बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

शुक्रवारी दुपारी मी गाडीवाल्यालाच विचारलं, तू कुठे जेवतोस? तो व्हिएतनामी होता. शहराच्या पूर्व टोकाला डोंग फुऑंग नावाची बेकरी आहे, तिथे घेऊन गेला. १९७५ नंतर व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेली हजारो माणसं या भागात वसली. फ्रेंचांचा पाव दोघांच्याही देशात गेलेला, त्यामुळे त्यांचं 'बान्ह मी' नावाचं पावातलं सँडविच आणि इथला पो-बॉय भावंडं शोभतात. आता शहरातले कितीतरी पो-बॉयवाले यांच्याकडूनच पाव घेतात. आई, तुझ्या सोमवारची सोय ती हीच: यांचा पाव, आत भाजी, गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं आणि कोथिंबीर. भरपूर कोथिंबीर.

त्या शहरात एक शब्द आहे, 'लान्यॅप'. दुकानदार मोजून दिल्यावर वरून थोडं जास्त घालतो, ते. आपली भाजीवाली कढीपत्ता आणि दोन मिरच्या टाकते ना, अगदी तेच. बेकरीतल्या मावशींनी माझ्या पिशवीत एक गोड पाव असाच टाकला.

कॅफे दु मोंदला सकाळी एकदा जाऊन आले, गर्दी खूप आहे. पण बाबांना तिथली कॉफी आवडेल, चिकोरी घातलेली असते, माटुंग्याच्या फिल्टर कॉफीसारखी. आणि हॅन्सेन्समध्ये १९३९ पासून बर्फाचा गोळा मिळतो. नवऱ्याने बर्फ किसायचं मशीन स्वतः बनवलं, बायकोने सरबतं बनवली. बर्फ इतका बारीक की जिभेवर राहतच नाही. बाबांची साखर बघता त्यांना दोन चमचे, जास्त नाही.

तुम्ही मार्चमध्ये याल तेव्हा थंडी कमी असते. आपण गाडीने जाऊ, वाटेत दोनदा थांबू म्हणजे बाबांचे पाय आखडणार नाहीत. सेंट चार्ल्स रस्त्यावरची हिरवी ट्राम अजून लाकडी बाकांची आहे, खिडक्या वर ढकलून उघडतात. बाबा लहानपणी आजोबांचं बोट धरून लालबागहून ट्रामने जायचे, तशीच एक फेरी आपण मारू. रांगेत मी उभी राहीन, तुम्ही दोघं बाकावर बसा. आईसाठी तळलेली कॅटफिशही मिळेल, काटे नसतात आणि भात सगळीकडे असतो.

आई, एक विचारायचं राहिलं. आजीची ती वही अजून आहे का? मोठ्या मामांच्या ट्रंकेत असेल तर त्यांना शोधायला सांग आणि येताना बरोबर घेऊन ये. मला बाबांच्या नावासमोर काय लिहिलंय ते बघायचंय.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मनू