परदेशी वर्गात उभ्या असलेल्या लेकीस

चि. मनू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की एका पालकांनी शाळेत विचारलं, 'मातृभाषा इंग्रजी असलेली शिक्षिका नाही का मिळाली?' तू ते सहज बोलून गेलीस, पण तुला लागलंय हे मला कळलं. आयुष्यभर मी इंग्रजीच शिकवलं, म्हणून यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

इंग्रजी ज्याची जन्माची भाषा तोच तिचा उत्तम शिक्षक, ही समजूत रॉबर्ट फिलिपसन या भाषाशास्त्रज्ञाने १९९२ मध्येच खोडून काढली होती. तरी ती लोकांच्या डोक्यातून जात नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडून 'द' आणि 'अ' आपसूक योग्य जागी पडतात. पण इथे 'द' का आणि तिथे का नाही, हे मुलाने विचारलं की त्यातले पुष्कळ जण अडतात. मराठीत आर्टिकल नाहीत. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या भाषेतही नाहीत. ती कुठे अडकणार हे तुला आधीच दिसतं, कारण त्याच जागी तूही अडकली होतीस. हे तुझं बळ आहे आणि ते तू लपवू नयेस असं मला मनापासून वाटतं.

उच्चारांवर मात्र मेहनत घे. तुझं 'पेन' मुलांना 'बेन' ऐकू येतं ना, त्याचं कारण साधं आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला 'प' आला की त्याच्याबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. आपण मराठी माणसं तिथे कोरडा 'प' म्हणतो, म्हणून इंग्रजीचा कान त्याला 'ब' समजतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धर आणि 'पेन' म्हण, पट्टी उडाली पाहिजे. मग 'स्पून' म्हण, तेव्हा ती जवळजवळ हलता कामा नये. 'ट' आणि 'क'चंही तसंच. हाच खेळ वर्गात घे, लहान मुलं पट्टी उडवायला तुटून पडतील. दुसरी गोष्ट आघाताची. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या. आपण सगळी अक्षरं एकाच वजनाने म्हणतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. एवढं जमलं की पुरे. लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा सूर ओढूनताणून आणू नकोस, तुझा स्वच्छ भारतीय सूर कुठेही चालतो.

मुलं गप्प बसतात म्हणून तू घाबरली आहेस, तर थोडी थांब. नवी भाषा शिकणारं मूल बोलण्याआधी बराच काळ नुसतं ऐकत असतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. वर्गात उभं राहून ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, मला ठाऊक आहे. मनात आकडे मोज. आणि 'समजलं का?' हे विचारूच नकोस, सगळी माना डोलावतात. सूचना दिलीस की विचार, 'जोडीने करायचं की एकट्याने? लिहायचं की बोलायचं?' उत्तरातून कळतं कुणाला समजलं ते.

आता तुझ्याबद्दल. नव्या देशात पहिले काही आठवडे सगळंच छान वाटतं, मग सगळ्याचाच वैताग येतो. कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हे टप्पे लिहून ठेवले आहेत, पुढे माणूस सावरतो हेही त्यात आहे. तू आत्ता त्या वैतागात आहेस. अशा दिवसांत नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नकोस. तिथली भाषा शिकायला लाग, नुसती दुकानापुरती नको, नीट वही घालून. आपल्या बाईही आपल्यासारख्या चुकतात, हे पाहिलं की मुलं तुझ्यापुढे चुकायला घाबरणार नाहीत.

कागदपत्रांचं तुला कळतं, तरी सांगते. करार पुरता वाचल्याशिवाय सही करू नकोस. अपॉस्टिल केलेल्या, म्हणजे परदेशात ग्राह्य धरावी म्हणून सरकारी प्रमाणपत्र जोडलेल्या, पदवीच्या प्रती काढून ठेव. आणि 'सांभाळायला ठेवतो' म्हणून कुणी पासपोर्ट मागितला तर देऊ नकोस, तो तुझ्याजवळच राहिला पाहिजे.

घसा बसलाय म्हणालीस. वर्गात ओरडून बोलू नकोस, गोंगाट करणाऱ्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन उभी राहा. पाण्याची बाटली टेबलावर असू दे. दोन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि ते काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझी,
आई