झाडाचा फोटो छापता, मग उजेडही लिहा ना

संपादक महोदय, स. न.

पुरवणीत घरातल्या हटके झाडांचे फोटो येतात ते मी आवडीने बघते, पण त्या झाडाला उजेड किती लागतो हे खाली कधीच लिहिलेलं नसतं आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो.

मी पांढऱ्या डागांचा मॉन्स्टेरा असाच निव्वळ पान बघून घेतला आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवला, तिथे छान दिसायचा म्हणून. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, अन्न करायचं सगळं काम उरलेल्या हिरव्यावर, त्यामुळे साध्या मॉन्स्टेरापेक्षा त्याला उजेड जास्त लागतो (कडक ऊन मात्र नको, पांढरं आधी करपतं), हे मला खूप उशिरा कळलं. नवीन पान येईना म्हणून मी पाणी वाढवलं. शेवटी शोभेच्या कुंडीतून आतली कुंडी उचलली तर तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं, वास येत होता, आणि मूळ चिमटीत धरलं की वरची साल सुटून हातात यायची, आत नुसता दोरा. मुळांनाही हवा लागते, माती सतत चिंब राहिली की ती गुदमरतात आणि कुजतात. तळाला खडे घाला म्हणतात त्याचाही उपयोग नाही, पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडून राहतं. भोकाची कुंडी आणि भुसभुशीत माती, बस.

आता मी झाड घ्यायच्या आधी दुपारी त्या जागेवर हात धरून बघते. सावली ठळक पडली तर डागांची, पट्ट्यांची झाडं चालतात, पुसट पडली तर सरळ झेडझेड प्लांट, त्याच्या मातीखालच्या गाठींत पाणी साठलेलं असतं त्यामुळे माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यायचं.

अजून एक, पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट वाढवायचा असेल तर पान कापून लावू नका, नवीन रोपं नुसती हिरवी येतात, काठ हवा असेल तर मुळासकट फुटवाच वेगळा करायला लागतो. माझी दोन चांगली पानं त्यात गेली.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी फोटोखाली उजेड किती, पाणी कधी आणि रोप कशापासून करायचं एवढं एका ओळीत छापाच, फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

एक नियमित वाचक