बाबांच्या ‘कशाला’चं उत्तर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

फोनवर नीट सांगता आलं नाही. हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या नोकरीला मी होकार कळवलाय, दोन वर्षांसाठी. तुम्हाला विचारून मग ठरवायला हवं होतं, ठरवून मग सांगतोय. चुकलंच. बाबा, तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, “समुद्रातले चार ठिपके अमेरिकेनं गिळले. त्याचा अभ्यास करायला तिकडे कशाला जायचं?” आणि फोन आईकडे दिलात.

तुम्ही जन्मभर बँकेत खाती जुळवलीत, म्हणून हिशेबापासूनच सुरू करतो. 1875 च्या करारानं हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. बदल्यात आपलं कुठलंही बंदर दुसऱ्या राष्ट्राला द्यायचं नाही, हे हवाईच्या राजानं कबूल केलं. 1887 मध्ये करार वाढवताना हवाईतलं पर्ल हार्बर हे बंदर एकट्या अमेरिकी आरमाराला मिळालं. मळे वाढत गेले आणि सगळी साखर एकाच गिऱ्हाइकाकडे जाऊ लागली. मग 1890 मध्ये अमेरिकेनं सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात काढली आणि घरच्या साखर उत्पादकांना पौंडामागे 2 सेंट द्यायला सुरुवात केली. हवाईची सवलत एका कायद्यानं कवडीमोल झाली. 1893 च्या जानेवारीत राणी लिलिउओकलानीला गादीवरून उतरवलं. नेमके तेव्हाच अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक किनाऱ्यावर उतरले होते.

इथवर आलं की लोक म्हणतात, सगळं साखरेसाठी झालं. मला ते पटत नाही. 1894 मध्ये जकात परत आली, ते 2 सेंट बंद झाले, म्हणजे हवाईला जुना फायदा पुन्हा मिळाला. शिवाय अमेरिकेत सामील झालो तर करारावर मजूर आणता येणार नाहीत, म्हणून काही मळेवालेच विरोधात होते. तरी विलीनीकरण झालंच.

कारण कोळसा. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू सुमारे 3,850 किलोमीटर. वाफेच्या युद्धनौकेला तिथे कोळसा मिळाला नाही, तर पुढे जाऊन लढून परत येणं जमत नाही. आणि तो शत्रूला मिळाला, तर शत्रू थेट कॅलिफोर्नियाच्या दारात. विकत घेऊ म्हणावं, तर युद्ध पुकारलं की तटस्थ बंदरं पाठ फिरवतात. 1898 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचं स्पेनशी युद्ध पेटलं, तेव्हा अमेरिकी आरमाराचा अधिकारी ड्यूई याच्या ताफ्याला इंग्रजांचं हाँगकाँग सोडावं लागलं. त्यानं कोळशानं भरलेलं जहाज आधीच विकत घेऊन ठेवलं होतं, म्हणून 1 मे रोजी तो फिलिपिन्समध्ये मनिलाला स्पेनशी लढू शकला.

तुम्ही विचाराल, मग इंग्रजांनी इंदूरजवळ महूला ठेवली तशी नुसती छावणी ठेवून का भागलं नाही? इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची गादी राहिलीच की. बाबा, इंदूरच्या चारी बाजूंना इंग्रजांचा नाहीतर त्यांच्या मांडलिकांचा मुलूख. तिथे तिसरा कोण येणार? बेटाला चारी बाजूंनी दार. 1897 मध्ये हवाईनं जपानी मजुरांना परत पाठवलं, तर जपाननं ‘नानिवा’ ही युद्धनौका धाडली. आपण घेतलं नाही तर दुसरा घेईल, ही धास्ती नव्यानं वर येणाऱ्या सत्तेला सर्वांत जास्त. जपाननं 1895 मध्ये तैवान घेतलं, त्यामागेही ती होतीच.

हवाईच्या 21,000 हून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या. अमेरिकेच्या सिनेटमध्ये विलीनीकरणाच्या तहासाठी दोन-तृतीयांश मतं जमेनात. मग युद्धाच्या धामधुमीत तहाऐवजी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणला, त्याला साधं बहुमत पुरतं. 7 जुलै 1898 ला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीची सही झाली. हे सगळे कागद तिथे आहेत. इंदुरात बसून ते चाळता येत नाहीत हो.

आई, तू काळजी करू नकोस. हवा बाराही महिने सोसेल अशी आहे, डाळ-तांदूळ मिळतात, कुकर मी नेतोय. तुमचे सकाळचे साडेदहा म्हणजे माझे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात, तेव्हा रोज बोलू. भाऊकाकांसारखं होणार नाही, शब्द देतो. तू साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायचीस आणि मी पाटावर पाट रचायचो. हल्ली हे फार आठवतं.

आता ऐका. बाबांच्या पोह्यांवर शेव चिमूटभर, मूठभर नाही. जिलेबी बंद म्हणजे बंद, सराफ्यातलीसुद्धा. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. गच्चीवर वाळवण घालायला बाईंना पाठव, तू चढू नकोस. शनिवारी बाबांची शुगर तपासायची आहे, उपाशीपोटी. रिपोर्ट आला की फोटो तू काढून पाठव. बाबांच्या हाती दिलास तर ते आकडा झाकतील.

तुमचा,
बाळू