मालमत्ता एक, चुली सहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी मुकुंदवाडीकडं राहते, आमची गल्ली गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेले, वीस बाय तीसचे प्लॉट. शेजारच्या घरात खाली तीन खोल्या आणि वर तीन, सगळ्या भाड्यानं. परवा पाणी आलं तेव्हा हंडे-ड्रमची लाईन लागली होती, तर मी सहज मोजलं. सहा चुली आणि तेवीस माणसं, कोण जालन्याचं, कोण परभणीचं, दोन पोरं हिंगोलीची, कंपनीत कंत्राटी लागलेली. टॅक्सच्या पावतीवर मात्र ही एकच मालमत्ता आहे, नळ पण एकच, अर्ध्या इंचाचा. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पाहिजे असं म्हणतात, पण त्या नळामागं माणसं किती हे कोणत्या कागदावरून कळणार सांगा?

आपल्या संभाजीनगरची लोकसंख्या २००१ ला ८ लाख ७३ हजार होती, २०११ ला ११ लाख ७५ हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत तीन लाख माणूस वाढलं. त्यानंतर मोजणीच नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळं राहिली आणि पाण्याचं, घरकुलाचं, बसचं सगळं नियोजन अजून त्या जुन्या आकड्यावर अंदाज लावूनच चाललंय, मधल्या काळात सातारा-देवळाई शहरात आलं, वाळूजकडं किती वस्ती वाढली ते जाऊन बघा.

आता घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, म्हणून हे पत्र. जनगणनेत वेगळं दार असलं की वेगळं घर धरतात आणि एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. म्हणजे टॅक्सच्या यादीत जे दिसत नाही ते तिथं दिसू शकतं, भिंत कशाची, छत पत्र्याचं का स्लॅबचं, खोल्या किती, घर स्वतःचं का भाड्याचं, पाणी कुठून, संडास आहे का, सगळं विचारतात. ही माहिती वॉर्डावॉर्डाची काढून लोकांसमोर ठेवा एवढंच म्हणणं आहे. पूर्ण शहराची सरासरी काढली की सिडकोतला तीन खोल्यांचा फ्लॅट आणि आमची दहा बाय बाराची खोली एकात एक मिसळून जाते आणि मग सगळं बरंच दिसायला लागतं.

आणि हद्दीच्या आत थांबू नका. वाळूजकडचं रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगर महापालिकेत नाहीत पण तिथली माणसं रोज शहरात येतात आणि इथली तिकडं कंपनीत जातात, पोटापाण्यासाठी हे एकच शहर आहे. मग नकाशा अर्धाच का काढायचा? एकाच नकाशावर भाडेकरू कुठं जास्त, पाणी किती दिवसाआड, बस कुठंपर्यंत जाते हे ठेवलं तर टाकी कुठं पाहिजे आणि शाळा कुठं पाहिजे हे नगरसेवकाला विचारावं लागणार नाही.

भाडेकरूचं मुद्दाम लिहिते कारण त्याला कोणी धरतच नाही. अशा प्लॉटवरची बांधकामं नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पुढं २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, चांगलंच झालं, पण त्यात फायदा प्लॉटवाल्याला. स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान मिळतं ते पण ज्याच्याकडं जागा आहे त्यालाच. जो पंधरा वर्षं भाडं भरतोय त्यानं कुठं जायचं?

एक अडचण मात्र खरी आहे. घरमालक टॅक्स वाढंल म्हणून घाबरतात, कोणी विचारलं तर पाहुणे आलेत म्हणा असं भाडेकरूला सांगून ठेवतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. जनगणनेची माहिती कायद्यानं गुप्त असते, टॅक्सवाल्याकडं जात नाही, हे घरोघर नीट सांगायला पाहिजे, मोजणीच्या आधी, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत पण. आणि मोजायला येणाऱ्या सर-मॅडमना हात जोडून विनंती आहे, समोरच्या दारावरून परत जाऊ नका, जिन्याखालची खोली पण वाजवा, तिथं एक बाई दोन लेकरं घेऊन राहते.

एक वाचक, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर