वजनकाट्यावरची मुले

महोदय,

शालेय मुलांच्या वाढत्या लठ्ठपणावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. मी कबड्डीचे संघ घेऊन हिंडणारी क्रीडाशिक्षिका. मला दुसऱ्या टोकाची मुलेही दिसतात. वजनगटात बसण्यासाठी आदल्या दिवशी जेवण टाळणे, पाणी तोडणे, दोन स्वेटर चढवून पळणे यात मैदानावर कुणाला काही वावगे वाटत नाही. (2024च्या ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी अपात्र ठरली, तेव्हा आमच्याकडे चर्चा झाली ती ते 100 ग्रॅम कसे उतरवता आले असते याची!) वजन झाले की बहुतेक पोरे वडापावच्या गाडीवर तुटून पडतात. एखादे पडत नाही, आणि तेच कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या संघातली नववीतली एक चढाईपटू अशीच होती. घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. डब्यातल्या चपात्या मैत्रिणींना वाटायच्या, भाजी चिवडत बसायचे. एप्रिलच्या उन्हातही तिला थंडी वाजायची. पाळी थांबली, तर ‘खेळणाऱ्या मुलींचं होतं असं’ म्हणून विषय मिटला. मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झाले, आजीने दृष्टही काढली. अखेर एका बालरोगतज्ज्ञांनी नाडी मोजली. मिनिटाला 44. त्यांनी तिला लगेच दाखल करून घेतले. आजार होता ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणे तोडत नेण्याचा मानसिक आजार. तिथेही तिला एकदम पोटभर जेवू घातले नाही. उपाशी शरीरात अचानक अन्न गेले, तर रक्तातले फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून रोज रक्त तपासत आहार वाढवला.

या आजारावर हमखास लागू पडणारी गोळी नाही. मुलांसाठी मुख्य उपचार म्हणजे घरच्यांनीच जेवणाची सूत्रे हाती घेणे. ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980च्या दशकात आकाराला आली. आजार कुणामुळे झाला हे उकरत बसायचे नाही. काय आणि किती खायचे ते आईवडिलांनी ठरवायचे आणि वजन सावरले की ते हळूहळू मुलीकडे सोपवायचे. याला सहा महिने ते वर्ष लागते. तिचे आईवडील दोघेही कामाला, त्यामुळे दुपारी आजोबा समोर बसायचे. तिने ताट ढकलले, रडली, नाही नाही ते बोलली. म्हातारा जागचा हलला नाही. मोसमभर खेळ बंद होता, आणि त्याबद्दल बोलणी मलाच खावी लागली.

2023मध्ये ‘जामा पेडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात 16 देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात प्रश्नावलीनुसार सुमारे 22 टक्के मुलांचे खाणे बिघडलेले आढळले. मुलींमध्ये 30, मुलग्यांमध्ये 17 टक्के. हे निदान नव्हे, प्रत्यक्ष आजारी मुले याहून बरीच कमी. पण मुलग्यांचा आकडा पाहा. कुस्तीच्या आखाड्यात कुणी विचारतो का?

केवळ बारीक मुलांवर लक्ष ठेवूनही भागत नाही. जाड मूल झपाट्याने उतरले, तर उंची-वजनाच्या तक्त्यात ते ‘सामान्य’ दिसते. वर शिक्षक शाबासकी देतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. शालेय स्पर्धांच्या वजननोंदणीत मागच्या वर्षीचे वजनही शेजारी लिहावे. वाढत्या वयात वजन घटलेले दिसले, तर त्या खेळाडूला डॉक्टरने तपासल्याशिवाय मैदानात उतरवू नये. एका रकान्याचा तर प्रश्न आहे.

— एक क्रीडाशिक्षिका, इचलकरंजी
(मुलीची ओळख पटू नये म्हणून कृपया नाव छापू नये.)